बँकेतून चिल्लर आणायची, चांदी काढून घ्यायची

दर दोन-तीन आठवड्यांनी, शुक्रवारी संध्याकाळी, मी बँकेतून सुमारे साडेअकरा किलोचा एक खोका गाडीत टाकून घरी आणते. आत ५०० डॉलरची चिल्लर असते. ५० सेंटांची १,००० नाणी, वीस-वीसच्या ५० कागदी रोलमध्ये बांधलेली. जेवणं झाली की टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, रोल फोडायचे आणि एकेका नाण्याची कड बघायची. तासाभरानं जवळजवळ सगळी नाणी परत रोलमध्ये जातात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बँकेत जमा होतात. माझ्याकडे उरतं कधी एखादं नाणं, कधी चार, आणि बऱ्याचदा काहीच नाही.

बाबा साताऱ्याहून इथे ओहायोत आमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा त्यांनी हा प्रकार पहिल्यांदा बघितला.

"अगं, बँकेत नोकरी लागली का तुला?"

"नाही बाबा, चांदी शोधतेय."

"बँकेच्या चिल्लरीत? मग बँकवाले काय झोपलेत का?"

एवढ्या मोजक्या शब्दांत हा प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता. या छंदाला इथे 'कॉइन रोल हंटिंग' म्हणतात आणि तो नीट समजून घ्यायचा तर बाबांच्या प्रश्नाचंच उत्तर द्यावं लागतं. चांदी चिल्लरीत आलीच कशी, ती आजवर कुणी उचलली कशी नाही, आणि बँक ती का उचलत नाही?

मुळापासून सांगते. १९६४ सालापर्यंत अमेरिकेचं १० सेंटांचं नाणं (डाइम), २५ सेंटांचं (क्वार्टर) आणि ५० सेंटांचं (हाफ डॉलर) ही तिन्ही ९० टक्के चांदीची असत, उरलेलं १० टक्के तांबं. यात विशेष काही नव्हतं. आपल्याकडचा राणीछाप रुपयाही चांदीचाच होता, ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा वजनाचा आणि जवळपास ९२ टक्के शुद्ध. अमेरिकन हाफ डॉलर १२.५ ग्रॅमचा, आकारानं जवळजवळ त्या रुपयाएवढाच. दोन्ही शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात.

गडबड सुरू झाली १९६० च्या सुमाराला. फोटोच्या फिल्मला आणि विजेच्या उपकरणांना चांदी लागत होती आणि खाणींतून निघत होती त्यापेक्षा जास्त खपत होती. त्यातच गावोगावी नाणं टाकून वस्तू देणारी यंत्रं बसली, त्यामुळे चिल्लरीचीच टंचाई झाली. अमेरिकन सरकार आपल्या साठ्यातली चांदी औंसाला १.२९ डॉलर भावानं विकत राहून बाजारभाव दाबून धरत होतं. (इथला औंस हा सराफी 'ट्रॉय औंस', ३१.१ ग्रॅमचा. आपल्या जुन्या तोळ्यांत साधारण दोन तोळे आणि वर पाऊण तोळ्याला थोडं कमी.) हा भाव १.३८ च्या वर गेला असता तर क्वार्टरमधली चांदी २५ सेंटांपेक्षा महाग झाली असती. मग नाणं खर्च करण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं. सरकारी साठा आटत चालला होता, म्हणजे तो दिवस येणार हे दिसतच होतं.

२३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नवा नाणे कायदा सही करून लागू केला. डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण काढली. हाफ डॉलरमध्ये ती ४० टक्क्यांवर आणली आणि १९७१ पासून तीही गेली. नव्या नाण्याची रचना सँडविचसारखी आहे. मध्ये शुद्ध तांब्याचा थर, दोन्ही बाजूंना तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचं पांढरट पान. ही रचना उगाच ठरली नव्हती. नाणी ओळखणारी यंत्रं नाण्याचं वजन, आकार आणि त्यातून वीज कशी वाहते हे तपासत. देशभरातली लाखो यंत्रं बदलावी लागू नयेत म्हणून यंत्राला चांदीसारखाच वाटेल असा धातू हवा होता. तो अभ्यास आमच्याच कोलंबस शहरातल्या बॅटेल संस्थेनं केला होता. मी तिच्यावरून गाडीनं जाते तेव्हा मला दर वेळी हसू येतं. माझी शुक्रवारची संध्याकाळ तिथे कुणीतरी ठरवून ठेवलेली आहे.

कायद्यावर सही करताना जॉन्सन म्हणाले होते की जुनी नाणी साठवून ठेवण्यात कुणाला काही फायदा नाही, सरकारकडे भाव ताब्यात ठेवण्याइतकी चांदी आहे. जुनी आणि नवी नाणी शेजारी शेजारी चालतील अशी अपेक्षा होती. लोकांनी ते ऐकलं आणि घरी जाऊन जुनी नाणी डब्यात टाकायला सुरुवात केली.

हे व्हायचंच होतं. तुमच्या खिशात दोन नाणी आहेत, दोन्हींवर २५ सेंट लिहिलंय. एकात चांदी आहे, दुसऱ्यात नाही. दुकानदार दोन्ही एकाच भावानं घेतो. तुम्ही कुठलं द्याल? अर्थशास्त्रात याला ग्रेशमचा नियम म्हणतात: हलका पैसा चांगल्या पैशाला चलनातून हाकलून देतो. पण नियमाच्या शब्दांत एक अट दडलेली असते, ती बहुतेक जण विसरतात. दोन्ही नाण्यांची किंमत कायद्यानं सारखी धरलेली असली पाहिजे. तशी सक्ती नसली की उलटं होतं. आपल्याकडे मराठेशाहीत आणि त्यानंतरही निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. सराफ प्रत्येक रुपया पारखून, त्यातल्या चांदीप्रमाणे हलक्या नाण्याला बट्टा लावून घेत. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हाच बट्टा. जिथे बट्टा लावता येतो तिथे चांगलं नाणं लपून बसत नाही. अमेरिकेत बट्टा नव्हता, म्हणून ते लपलं.

१९६७ मध्ये सरकारनं १.२९ चा भाव सोडून दिला, आणि वर्षभराच्या आतच चांदी दोन डॉलरच्या वर गेली. नाणी वितळवायला मध्यंतरी बंदी होती, ती १९६९ मध्ये उठली. त्या काळात सरकारनंही स्वतःकडे परत येणाऱ्या नाण्यांतून चांदीची नाणी वेगळी काढली. आणि मग आला जानेवारी १९८०. टेक्सासच्या हंट बंधूंनी प्रचंड प्रमाणात चांदी गोळा केली होती, भाव ५० डॉलरच्या आसपास पोहोचला, आणि लोकांनी आजोबांचे डबे उघडून पोत्यांनी नाणी भट्टीकडे नेली. मार्चअखेर भाव कोसळला, पण वितळलेली नाणी काही परत आली नाहीत.

इतक्या वेळा चाळण लागल्यावर चिल्लरीत चांदी शिल्लक असायलाच नको. तरी असते, आणि याचं बरंचसं श्रेय जॉन केनेडींकडे जातं.

नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली. चारच महिन्यांत, मार्च १९६४ मध्ये, त्यांचा चेहरा असलेला हाफ डॉलर बाजारात आला. त्या वर्षाच्या तारखेचे सुमारे ४३ कोटी हाफ डॉलर पाडले गेले आणि लोकांनी ते खर्चलेच नाहीत, आठवण म्हणून ठेवून दिले. लोकांना त्या नाण्याशिवाय व्यवहार करायची सवय लागली. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये त्याच्यासाठी कप्पा राहिला नाही. २००२ ते २०२० या काळात तर टांकसाळ हाफ डॉलर फक्त संग्राहकांसाठी पाडत होती. परिणाम असा की हे नाणं कायद्यानं पूर्ण चालतं, पण हातोहात फिरत नाही. कुणाच्या तरी आजीच्या कपाटातून निघतं, नातू ते बँकेत भरतो, तिथून तिजोरीत, तिजोरीतून माझ्यासारखीच्या खोक्यात. क्वार्टर रोज हजार हातांतून जातो, त्यामुळे हजार जोडी डोळ्यांनी तपासला जातो. हाफ डॉलरकडे कुणी बघत नाही. म्हणून या छंदातले बहुतेक लोक हाफ डॉलरचेच खोके मागवतात.

आणि बँक? बँक झोपलेली नाही, तिला फक्त दुसरं काहीतरी मोजायचं असतं. तिच्या वहीत ते नाणं ५० सेंट आहे. १९६४ चं असो की २०२४ चं, ५० सेंटच. नाणी मोजून रोल बांधायचं काम बाहेरच्या कंपन्यांची यंत्रं करतात आणि त्यांना आकडा बरोबर आला की पुरे. माणूस बसवून कडा तपासायच्या तर त्याचा पगार सापडणाऱ्या चांदीपेक्षा जास्त होईल. ही गोष्ट बाबांना पटली नाही. "पगार वाचवायला लेकीला बसवलंय," म्हणाले.

आता प्रत्यक्ष काम. यात शिकण्यासारखं फार नाही, पण जे आहे ते डोळ्यांनी आणि कानांनी शिकायचं आहे.

पहिली खूण कडेची. नव्या नाण्याच्या कडेवर तांब्याची लालसर रेघ स्पष्ट दिसते, ते सँडविचचं सारण. ९० टक्के चांदीच्या नाण्याची कड सगळीकडून पांढरी. त्यामुळे रोल फोडून वीसही नाणी हातात आडवी धरली तर एका नजरेत कळतं. लालसर रेघांच्या ओळीत मध्येच एक पांढरी पट्टी दिसली की हृदय एक ठोका चुकवतं, हे मी पन्नाशीजवळ आलेली बाई कबूल करते. ४० टक्केवाल्यांची, म्हणजे १९६५ ते १९७० च्या हाफ डॉलरची कड मात्र फसवी असते. त्यांच्यातही थर आहेत, पण बाहेरचा थर ८० टक्के चांदीचा आणि आतला २१ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे कड मळकट राखाडी, कधी किंचित तपकिरी दिसते. तिथे कडेवर विसंबायचं नाही, तारीख वाचायची. १९७० चा हाफ डॉलर तर फक्त संग्राहकांच्या संचात निघाला होता. तो रोलमध्ये मिळाला तर कुणीतरी संच फोडून खर्चलाय असं समजा.

तारखेची एक गंमत. '१९६४' तारखेची चांदीची नाणी १९६४ नंतरही पाडली जात होती. टंचाईच्या काळात संग्राहक नव्या वर्षाची नाणी साठवतात म्हणून तारीख गोठवून ठेवली होती. त्यामुळे १९६४ ही तारीख इतकी भरपूर सापडते. आणि एक फसगत: '१७७६–१९७६' अशी दुहेरी तारीख असलेला हाफ डॉलर बघून नवखे उड्या मारतात. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचा. त्यातले काही खास संच ४० टक्के चांदीचे होते खरे, त्यांवर सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची 'एस' ही खूण असते. पण चिल्लरीत सापडतात ते जवळजवळ सगळे साधे.

दुसरी खूण आवाजाची. इथले लोक नाणं टेबलावर टाकून ऐकतात आणि त्याची चर्चा अशी करतात जणू काही नवा शोध लागलाय. आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो ते कशावरून? चांदीचं नाणं फरशीवर पडलं की लांब, उंच, घंटेसारखा नाद देतं. सँडविचवालं 'टक' करून गप्प बसतं. मला हा फरक पुस्तकी माहीत होता, पण मी कडा बघायच्या नादात तो कधी वापरला नव्हता. बाबा माझ्यासमोर बसून मी तपासलेली नाणी नुसती चाळा म्हणून टेबलाच्या काठावर एकेक टाकत होते. मध्येच म्हणाले, "हे बघ, हे वाजलं." ते मी नापास केलेल्या ढिगातलं होतं. १९६८ चा हाफ डॉलर, ४० टक्के. त्या काळ्या पडलेल्या कडेनं मला फसवलं होतं. बाबांच्या लहानपणी लक्ष्मीपूजनाला आजी डब्यातून राणीछाप रुपये काढायची आणि पोरं ते मुद्दाम पाडून आवाज ऐकायची, ओरडा खाईपर्यंत. तो कान सत्तर वर्षांनंतरही शाबूत होता.

तिसरी खूण वजनाची. ९० टक्केवाला हाफ डॉलर १२.५ ग्रॅम, ४० टक्केवाला ११.५, आणि बिनचांदीचा ११.३४. शेवटच्या दोघांतला फरक हाताला कळत नाही, स्वयंपाकघरातल्या साध्या काट्यावरही शंका राहते. पण ९० टक्केवाला मुरलेल्या माणसाला तळहातावरच कळतो. लोहचुंबक इथे कामाचं नाही, यातलं कुठलंच नाणं त्याला चिकटत नाही.

हाफ डॉलर सोडून बाकीचंही लोक शोधतात, त्यातलं थोडक्यात सांगते. डाइमच्या २५० डॉलरच्या खोक्यात २,५०० नाणी असतात, म्हणजे डोळ्यांची परीक्षा. तिथे कधी पंखांची टोपी घातलेल्या स्वातंत्र्यदेवीचं १९१६ ते १९४५ मधलं डाइम निघालं तर दिवस सोन्याचा. लोक त्याला 'मर्क्युरी' म्हणतात, पण तो मर्क्युरी नव्हे. क्वार्टर माझ्या मते वेळेचा अपव्यय. ५ सेंटांचं नाणं, ज्याला इथे 'निकेल' म्हणतात, त्याची कथा मात्र वेगळी आहे. त्यात एरवी कधीच चांदी नव्हती, पण दुसऱ्या महायुद्धात निकेल हा धातू शस्त्रांना लागला म्हणून १९४२ च्या ऑक्टोबरपासून १९४५ पर्यंत त्यात ३५ टक्के चांदी, ५६ टक्के तांबं आणि ९ टक्के मँगॅनीज घातलं. म्हणजे स्वस्त नाण्यातून स्वस्त धातू काढून महाग धातू भरला! युद्धानंतर ही नाणी ओळखून बाजूला काढता यावीत म्हणून मागच्या बाजूला, तिथल्या इमारतीच्या घुमटाच्या वर, टांकसाळीचं अक्षर ठळक मोठं उमटवलं. आजही ती ओळखायला तोच घुमट बघतात. मँगॅनीजमुळे ती काळपट, मळकी दिसतात, चांदीसारखी तर अजिबात नाहीत.

आता पैशांची गोष्ट, कारण तीच सगळ्यांना पहिली विचारायची असते. चांदीचा भाव रोज हलतो, म्हणून हिशेबाला सोपा आकडा घेऊ: समजा औंसाला ५० डॉलर. ९० टक्के हाफ डॉलरमध्ये ०.३६ औंस चांदी, म्हणजे सुमारे १८ डॉलर. ४० टक्केवाल्यात ०.१५ औंसाला थोडी कमी, साधारण ७ डॉलर ४० सेंट. क्वार्टर ९ डॉलर, डाइम साडेतीनच्या थोडं वर, युद्धकाळातलं निकेल पावणेतीन. ५० सेंटांना १८ डॉलर म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. मग मी त्यांना मागच्या तीन कोऱ्या गेलेल्या खोक्यांचं सांगते. १,००० नाणी बघायची, एक-दोन ४० टक्केवाली मिळवायची, दोनदा बँकेच्या फेऱ्या, पेट्रोल, आणि विकायला गेलं तर दुकानदार चांदीच्या भावापेक्षा कमीच देणार, ४० टक्केवाल्याला तर आणखी कमी. तासाचा दर काढला तर शेजारची पोरगी मुलं सांभाळून माझ्यापेक्षा जास्त कमावते.

मग यात पडायचं कशाला? कारण यात बुडायची सोय नाही. लॉटरीचं तिकीट गेलं की गेलं. इथे काहीच सापडलं नाही तरी ५०० डॉलर ५०० डॉलरच राहतात आणि चांदीचा भाव कोसळला तरी नाणं ५० सेंटांच्या खाली जात नाही. असा जुगार मला दुसरा माहीत नाही.

तरी त्रास असतो, आणि तो बहुतेक बँकेच्या काउंटरवर. चिल्लर परत करणं हे शोधण्यापेक्षा कठीण काम आहे. पहिला अलिखित नियम: जिथून खोका घेता तिथे परत भरायचा नाही. एक तर तुमचीच तपासलेली नाणी पुढच्या खोक्यात तुमच्याच घरी येतील, आणि दुसरं म्हणजे खिडकीमागच्या बाईला, एका आठवड्यात साडेअकरा किलो न्यायचं आणि पुढच्या आठवड्यात साडेअकरा किलो आणायचं, यातलं तर्कशास्त्र समजावणं अवघड. काही बँका खोक्यामागे शुल्क घेतात, काही नवख्यांना देतच नाहीत. माझ्या आधीच्या बँकेत नाणी मोजायचं यंत्र होतं. मी एकदा रोलचे कागद नीट काढले नव्हते, एक चिटोरं आत गेलं, यंत्र बंद पडलं आणि माझ्यामागे सात माणसं रांगेत. मी त्या शाखेत पुन्हा गेले नाही. हल्ली दिवाळीला माझ्या बँकेतल्या दोघी कॅशियरना करंज्या देते. इथे त्याला लाच म्हणत नाहीत, म्हटलं तरी चालेल.

कायद्याची एक बाजू माहीत असू द्या. जुनी चांदीची नाणी घेणं, ठेवणं, विकणं, इतकंच काय वितळवणंही आज अमेरिकेत कायदेशीर आहे. वितळवायला बंदी आहे ती १ आणि ५ सेंटांच्या नाण्यांना, २००६ च्या अखेरीपासून, कारण तेव्हा त्यांच्यातलं तांबं आणि निकेल नाण्याहून महाग व्हायला लागलं होतं. इतिहासाची तीच चाल, फक्त धातू वेगळा. (१ सेंट तर आता चलनासाठी पाडणंच नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद झालं.) दुसरं म्हणजे, एका दिवसात १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड भरली किंवा काढली तर बँकेला सरकारला कळवावं लागतं. चिल्लरही रोकडच. कळवण्यात तुमचं काही बिघडत नाही, पण ते टाळायला रक्कम मुद्दाम तुकड्यांत भरणं हा गुन्हा आहे. माझ्यासारख्या एका खोक्यावाल्यांचा हा प्रश्न नाही, पण काही हौशी लोक एका वेळी दहा-दहा खोके आणतात.

आणि कृपा करून सापडलेलं नाणं घासू नका. चांदी दिसली की आपला हात रांगोळीकडे जातो, देवाची भांडी आपण तशीच लखलखीत करतो. नाण्याच्या बाबतीत तो काळपट थर हाच त्याचा दाखला असतो. घासलेल्या नाण्यावरचे बारीक ओरखडे जाणकाराला लगेच दिसतात आणि दुर्मीळ नाणं असेल तर घासता घासता निम्मी किंमत धुऊन जाते. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्याही टाळा, पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकट डाग धरतात.

हे सगळं ऐकून भारतातून नेहमी विचारणा होते की आपल्याकडे असं करता येईल का. नाही, आणि का नाही हे समजलं की छंदाचं मर्मच कळतं. ब्रिटिश सरकारनं १९४० मध्ये रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली आणि १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा काढला. पण तेवढ्यावर न थांबता जुने चांदीचे रुपये त्याच दशकात टप्प्याटप्प्यानं चलनातून रद्द केले. रद्द झालेलं नाणं बँकेत भरता येत नाही, म्हणून ते बँकेतून निघतही नाही. ते सराफाकडे जातं किंवा देवघरात राहतं. ब्रिटननंही चांदी दोन टप्प्यांत काढली आणि जुनी नाणी नंतर परत घेतली. अमेरिकेनं मात्र हे डाइम, क्वार्टर, हाफ डॉलर कधी रद्दच केले नाहीत. १९१६ चं नाणं आजही दुकानात चालतं. आठ नोव्हेंबर २०१६ ची रात्र पाहिलेल्या आपल्या लोकांना हे ऐकून गंमत वाटते. पण त्या न घेतलेल्या निर्णयामुळेच आजोबांचा डबा आजही न्यू जर्सीतल्या एखाद्या बँकेत ५० सेंटांच्या भावानं रिकामा होऊ शकतो.

कॅनडात थोडंफार असंच आहे. तिथली १९२० ते १९६६ मधली डाइम, क्वार्टर आणि पन्नास सेंट ८० टक्के चांदीची होती. १९६७-६८ मध्ये चांदी कमी होत गेली आणि मग पूर्ण निकेल आलं. सीमेपलीकडून आलेली ती नाणी अधूनमधून आमच्या ओहायोतल्या रोलमध्येही घुसतात.

बाबा परत गेले तेव्हा त्यांनी फ्रिजवरचं एक लोहचुंबक मागून नेलं. मला वाटलं आठवण म्हणून. दिवाळीत फोन आला.

"आईचे अकरा रुपये काढले आज. सगळ्यांच्या तारखा वाचल्या, तू सांगितल्यासारख्या. सात राणीचे आणि राजाचे जुने, तीन चाळीसनंतरचे, म्हणजे अर्ध्या चांदीचे."

"आणि अकरावा?"

"अकराव्यावर वाघ आहे. सत्तेचाळीस साल. चिकटला की गं लोहचुंबकाला! इतकी वर्षं हळदीकुंकू वाहतोय त्याला."

"मग काढलात का बाजूला?"

"छे. तुझ्या आजीनं मोजून अकरा ठेवलेत."